निघणाऱ्याले ‘कुठी’ विचारू नये

ये, अशी जवळ सरक. पाहुण्यासारखी उंबऱ्यावर टेकून वाचू नको माझं लिहिणं, मले ते आवडत नाई. आणि आधी एक बोलून घेते, म्हणजे मन मोकळं होईल. किती दिवसांपासून ‘येते, येते’ म्हणून राह्यली तू? दिवाळी गेली, संक्रांत गेली, अंगणातली बोरं खाऊन पाखरंसुद्धा उडून गेली, तुझं ‘येते’ काही पिकलं नाई. बरं, रागावले असं समजू नको. रागावले असते तर लिहायला कशाला बसले असते? आणि हे पण सांगून ठेवते, बोलताना मी मले-तुले करते, लिहिताना माझी भाषा जरा इस्त्रीखालून निघाल्यासारखी सरळ होते. पण घडी मोडायला तिला वेळ लागत नाही. तेवढं सांभाळून घे.

इस्त्रीचा शब्द उगाच नाही आला. इथं गडचिरोलीला आमच्या घरासमोर एक इस्त्रीवाला बसतो. अजून कोळशाची इस्त्री वापरतो बिचारा. सकाळी तो निखारे फुलवतो, फडक्यानं पाणी शिंपडतो आणि पहिला हात फिरवतो, तेव्हा ओल्या सुताचा जो उबदार, किंचित करपट वास सुटतो, तो थेट माझ्या खिडकीतून आत येतो. आज तो वास आला तेव्हा टीव्ही चालू होता. पडद्यावर एक मोठं विमान उभं होतं, शिडी लागली होती, दार उघडलं आणि आपले पंतप्रधान हात उंचावून पायऱ्या उतरू लागले. खाली कुठल्याशा देशाचे लोक फुलं घेऊन ओळीनं उभे. एवढंच दृश्य. पण तो वास आणि ती शिडी एकत्र आली आणि माझ्या तोंडून आपोआप निघून गेलं, ‘आज पाणी कोणी भरायचं?’ सून स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘पाणी भरलं आहे ना आई, नळ आलता सकाळीच.’ तिला काय सांगू, मी कुठलं पाणी विचारत होते ते. तुला सांगते.

ते पाणी एटापल्लीचं. माझे मालक तेव्हा जंगल खात्यात नाकेदार होते आणि आमची राहण्याची खोली बसस्टँडच्या रस्त्यावर एका टेलर मास्टरच्या दुकानाला लागून होती. मास्टर, त्यांची बायको आणि एक मुलगा, असं तिघांचं घर. मास्टरच्या बायकोला सारं गाव चाची म्हणायचं, म्हणून मीही चाचीच म्हणत असे, जरी आमच्या वयात फारसं अंतर नव्हतं. एटापल्ली तू पाहिली नाहीस. चारी बाजूंनी जंगल, मधे हे एवढंसं गाव, कचेरी, दवाखाना, आठवड्याचा बाजार. सागाची पानं गळून गेली की गाव एकदम मोठं वाटायचं आणि पालवी फुटली की पुन्हा झाकून जायचं. जगाच्या बातम्या तिथं दोन वाटांनी येत. एक म्हणजे दुकानातला लहानसा टीव्ही, जो लाईन असली तर चाले. दुसरी वाट म्हणजे चंद्रपूरहून संध्याकाळी येणारी मुक्कामी बस. तिच्या कंडक्टरभाऊंच्या काखेत वर्तमानपत्र असे, बसमध्ये कोणी वाचून टाकलेलं, घड्या पडलेलं, कधी कधी तेलाचा डाग लागलेलं. गाडी लावून, हातपाय धुऊन ते मास्टरच्या ओट्यावर येऊन बसत, आणि ते वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायचं काम माझ्याकडे असे.

माझी शाळा तर लहानपणीच सुटली होती. वाचायला मी शिकले ती किराण्याच्या पुड्यांच्या कागदांवर. त्यामुळे कुठलीही बातमी मला अर्धवटच आवडायची, सवयच तशी. पुडीवर बातमीचा शेवट कधी नसतो ना. उरलेलं आपण मनानं जोडायचं. कदाचित त्यामुळेच असेल, एका संध्याकाळी पंतप्रधान परदेशी निघणार अशी ओळ वाचली आणि पुढचा कागद फाटलेला होता, तर मी सहज बोलून गेले, ‘आता कुठी चालले असतील हे?’

चाची तेव्हा सदऱ्याच्या बटणांची काजं करत बसली होती. तिनं सुई थांबवली. ‘अवं बाई,’ ती म्हणाली, ‘निघणाऱ्या माणसाले टोकतेस काय? एवढ्या मोठ्या कामाले चालला माणूस, अन् तू कुठी म्हणून विचारतेस?’

आमच्याकडची ही रीत तुला ठाऊक असेलच, पण तुम्ही शहरातले लोक विसरता, म्हणून सांगते. घरातून कामाला निघालेल्या माणसाला ‘कुठे चाललास’ असं विचारायचं नाही. विचारलं की ते टोकणं झालं, काम फिसकटलं. फार तर ‘दूर जाऊन राह्यला का’ एवढं विचारावं. चुकून कोणी टोकलंच, तर निघालेल्यानं परत आत यावं, घोटभर पाणी प्यावं, क्षणभर बसावं आणि मग नव्यानं निघावं. माझी आई हे पाळायची, चाचीची अम्मा हेच पाळायची. तिची अजान वेगळी, आमची बुद्धवंदना वेगळी, पण उंबरा सारखाच. मला नेहमी नवल वाटायचं, ही रीत कुणाच्या मनात प्रथम आली असेल? जंगलाच्या मुलखात, जिथं शिकारीला, लाकडाला, तेंदूपानाला निघालेला माणूस संध्याकाळी परत येईलच असं कोणी सांगू शकत नसे, तिथं त्याच्या वाटेचं नाव मोठ्यानं घेऊ नये असं कुठल्या बाईला वाटलं असेल?

मी जीभ चावली. पण कंडक्टरभाऊ मोठे खट्याळ. म्हणाले, ‘चाची, साहेब दिल्लीत, आपण एटापल्लीत. एवढ्या दुरून टोक लागते काय?’

‘टोक लागाले अंतर लागत नाई,’ चाची म्हणाली. मग थोडा विचार करून तिनं निकाल दिला, ‘विचारू नका. अंदाज करा हवं तर. अंदाजाले कोणाची मनाई नाई.’

तिथून तो खेळ सुरू झाला. मास्टरच्या कापड बेतायच्या टेबलावर जगाचा एक मोठा नकाशा अंथरलेला होता, बाजारात चादरीसारखा विकायला येतो तसला, प्लॅस्टिकचा. त्यांनी तो नकाशा म्हणून घेतलाच नव्हता. गुळगुळीत आहे, कापड सरकतं, म्हणून घेतला होता. देशोदेशींवरून त्यांचा खडू फिरत असे. एकदा तापलेली इस्त्री चुकून त्यावर टेकली आणि एक तपकिरी भोक पडलं, ते नेमकं समुद्रात. मास्टर म्हणाले, ‘नशीब, कोणाचं घर नाई जळलं.’ तर पंतप्रधान निघाल्याची कुणकुण लागली की आम्ही चौघं त्या नकाशाभोवती जमत असू. मी, मास्टर, चाची आणि कंडक्टरभाऊ. प्रत्येकानं एकेका देशावर बोट ठेवायचं. ज्याचं बोट चुकलं त्यानं दुसऱ्या दिवशी ओट्यावरचा रांजण भरायचा. बसमधून उतरणारी माणसं त्या रांजणाचं पाणी पीत. हापशी दूर होती, त्यामुळे शिक्षा अगदीच लुटुपुटीची नव्हती.

आता तू म्हणशील, तुम्हा चौघांना काय कळत होतं परराष्ट्राचं? काही नाही कळत होतं. पण अंदाज करायला माणसाला स्वतःचं आयुष्य पुरतं, हे मी तिथं पाहिलं. मास्टर ऋतूवरून सांगत. ‘एवढ्या थंडीत थंड्या देशात कोण जाते? जाड कोट घालून हात मिळवता येत नाई नीट. उन्हाळ्यात जातील.’ कंडक्टरभाऊंचं गणित गाडीचं. एका गावासाठी एवढी मोठी गाडी कोणी सोडत नाही, वाटेतली दोन-तीन गावं घेतलीच पाहिजेत, म्हणून ते आधी लांबचा देश धरत आणि मग वाटेतल्या देशांवर बोट टेकवत येत, अल्लापल्ली, आष्टी, गोंडपिपरी केल्यासारखे. माझा हिशेब देण्याघेण्याच्या पाहुणचाराचा. आपल्याकडे कोण येऊन गेलं, कोणाची परतभेट राहिली. आणि चाची सुखदुःखावरून सांगायची. तिकडं भूकंप झाला म्हणत होते ना टीव्हीवर, मग जावं लागेल भेटायला. त्या राजाला गादी मिळाली, तोंड गोड करायला जावं लागेल. आणि सगळ्यात आधी शेजारच्या घरी जावं, ‘दूरच्या श्रीमंताकडं आधी गेलं तर शेजारी मनात धरते.’ आमचे अंदाज बहुतेक वेळा चुकत. कंडक्टरभाऊंचे त्यातल्या त्यात कमी चुकत, आणि त्याची त्यांना फार घमेंड. ‘चाची,’ ते म्हणत, ‘तुमच्या भरवशावर विमान सोडलं तर प्रत्येक मयतीच्या घरी उतरल ते.’

‘उतरावंच,’ चाची म्हणे. ‘त्यासाठीच तर मोठं माणूस असते.’

अशी ती हसतखेळत चालत असलेली गोष्ट. मग त्यांच्या घरात एक दुःख आलं.

मास्टरला वाटे, मुलानं मशीनवर बसावं. मुलाच्या हातात कसब होतंच, पण बाजारात तयार कपड्यांचे ढीग येऊ लागले होते आणि शिवायला येणारी माणसं कमी होत चालली होती. तो बल्लारशाला जाऊन लोखंड जोडायचं काम शिकून आला, वेल्डिंगचं. बापलेकांची बोलाचाली झाली. मास्टर तसे शांत, पण शांत माणसाचा एखादा शब्द खोल रुततो. ते म्हणाले, ‘ज्याले सुई उचलाची लाज वाटते, त्यानं या घरचा सदरा काऊन घालावा?’ दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं पोरगा निघाला. अंगात बापानंच शिवलेला सदरा होता, दुसरा कुठून आणणार? मास्टर पाठ करून बसले होते, सुईत दोरा ओवत. तो दोरा त्या दिवशी काही केल्या ओवला जाईना. चाची डबा घेऊन स्टँडपर्यंत गेली, मीही सोबत होते. गाडीच्या खिडकीतून तिनं डबा दिला. मला वाटलं, आता तरी विचारेल. तिनं विचारलं ते एवढंच, ‘दूर आहे का रे?’

‘हो अम्मी, दूर आहे.’

गाडी गेली. धूळ बसेपर्यंत ती तिथंच उभी राहिली आणि मग म्हणाली, ‘चाल बाई, काजं राह्यली आहेत.’

त्यानंतर त्याचा फोन नाही. जुना नंबर बंद. पुष्कळ दिवसांनी कंडक्टरभाऊंनी बातमी आणली. बल्लारशाला त्या पोराचा एक दोस्त चहाची टपरी चालवतो, त्याच्याकडे कधीमधी निरोप येतो. पोरगा बाहेरदेशी गेला आहे, अरबांच्या मुलखात, आणि खुशाल आहे. घरी सांगू नको असं त्याला म्हणाला होता, पण त्या दोस्तानं तेवढं सांगितलं. चाचीनं ऐकून घेतलं. डोळ्यांना पदर लावला, पण क्षणभरच. मग मला म्हणाली, ‘बाई, अरब कुठी आहे याच्यावर?’ मी नकाशावर दाखवलं. दाखवता दाखवता माझ्या लक्षात आलं की अरब म्हणजे एक देश नाहीच. त्या निळ्या पाण्याभोवती लहानमोठे कितीतरी देश दाटीनं बसले आहेत, बाजारात टोपल्या घेऊन बायका बसतात तसे. मी एकेक नाव वाचून दाखवलं. कुवेत, कतार, बहरीन, ओमान. सौदी तर पसरलेलंच. ती प्रत्येक नाव पुटपुटत गेली. तिला वाचता येत नव्हतं, पण जागा तिनं बोटानं पाठ केल्या.

कंडक्टरभाऊ म्हणाले, ‘चाची, उद्या जातो मी बल्लारशाले. त्या टपरीवाल्याले धरून पक्का देश विचारून आणतो. एका मिनिटाचं काम.’

‘नको भाऊ.’

‘काऊन नको?’

‘टोकणं होते ते.’

‘अवं चाची, तो निघून किती दिवस झाले. आता कुठचं टोकणं?’

चाची जे बोलली ते मी अजून मनात घोळवत असते. ती म्हणाली, ‘पोहोचलो म्हणून सांगितलं काय त्यानं मले? नाई ना. मग तो अजून वाटेतच आहे. वाटेतल्या माणसाले विचारत नसतात.’

मला खरं सांगायचं तर तेव्हा तिचा राग आला होता. असली कसली रीत, जी आईला लेकाचा पत्ता विचारू देत नाही? मी मालकांशीही बोलले. ते म्हणाले, तिचं घर आहे, तिची रीत आहे, तू मधे पडू नको. पण माझं कुतूहल मोठं वाईट. रात्रंदिवस वाटे, कुठल्या देशात असेल तो? वाळूत लोखंड तापवत असेल का? त्या सदऱ्याच्या बाह्या उसवल्या असतील का? टीव्हीवर वाळूचा मुलूख दिसला की मास्टरचं मशीन थांबायचं, एवढं मी पाहिलं होतं.

आणि तेव्हापासून आमच्या खेळात चाचीचं बोट दुसरीकडे जाईनासं झालं. पंतप्रधान कुठंही निघोत, ती त्या निळ्या पाण्याभोवतीच कुठलातरी देश धरायची. कधी कतार, कधी बहरीन. कारणही द्यायची, तिकडं खजूर पिकायचे दिवस आहेत, तिकडच्या राजाची तब्येत बरी नाही. तिचा मनसुबा मला कळत होता. आपले पंतप्रधान गेले की तिथं कामाला गेलेली आपली माणसं मोठ्या मंडपात जमतात, टीव्हीवर त्यांचे चेहरे दाखवतात. त्या हजारो चेहऱ्यांत एक चेहरा. बस, तेवढ्यासाठी ती देशाच्या कारभाऱ्याला आपल्या बोटानं तिकडे ओढत होती. ती हरायची आणि रांजण भरायची. भाऊ थट्टा करत, ‘चाचीच्या मेहेरबानीनं सारी एटापल्ली गार पाणी पिऊन राह्यली आहे,’ पण मग गुपचूप अर्ध्या घागरी तेच आणून ओतत.

आमच्या अंदाजांची एक वेगळीच गंमत होती. ते बसमधून प्रवास करत. भाऊंना गप्प बसवत नसे. सकाळी गाडी निघाली की थांब्या-थांब्यावर ते सांगत सुटत, यावेळी मास्टर जपान म्हणतात, नाकेदारीणबाई नेपाळ म्हणतात, चाची कतार म्हणते. आष्टीच्या पुलापलीकडेसुद्धा लोक आमच्या नावानं पैजा मारायला लागले होते. कधी न पाहिलेली माणसं विचारून पाठवत, ‘एटापल्लीचा काय अंदाज?’ आपण वेधशाळाच झालो की काय, असं मला वाटे.

मग एकदा भाऊंनी आणलेल्या वर्तमानपत्रात ती बातमी आली. पंतप्रधान लवकरच आखाताकडच्या दौऱ्यावर जाणार, देशांची नावं अजून जाहीर व्हायची होती. मी वाचली. चाचीनं हात पुसले, नकाशापाशी आली. मला वाटलं, ती नेहमीसारखी जराशी घुटमळेल. पण तिनं बोट सरळ त्या निळ्या पाण्याच्या वरच्या कोपऱ्यात टेकवलं. ‘कुवेत,’ ती म्हणाली. ‘पक्का कुवेत. अन् भाऊ, हे नीट सांगा सगळ्याइले. चाची म्हणते, कुवेतच.’

‘एवढं पक्कं काऊन?’ भाऊंनी विचारलं.

‘माझं मन सांगते. माझा पोरगाही तिथंच असल.’

आजवर तिनं पोराचं नाव खेळात आणलं नव्हतं. मास्टरनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी नेहमीपेक्षा थोडी आधीच सुटली, असं मला उगाच वाटलं.

त्यानंतर एका दुपारची गोष्ट. तिथं फोनची रेंज म्हणजे रानातल्या हरणासारखी, दिसली तर दिसली. मास्टरच्या दुकानात ती फक्त दाराच्या चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात यायची, म्हणून त्यांनी उरलेल्या खाकी कापडाचा एक खिसा शिवून तिथं टांगला होता आणि फोन कायम त्या खिशात असे. बोलायचं तर स्टुलावर चढायचं किंवा आवाज मोठा करून खालून ओरडायचं. त्यामुळे त्या फोनवर खाजगी असं काही बोलता येत नसे. मी डाळ निवडायला त्यांच्याच ओट्यावर बसले होते. फोन वाजला. मास्टर उठले, खिशात हात घालून त्यांनी बटण दाबलं. पलीकडून समुद्रासारखा खरखराट आला, आणि मग रागावलेला, घाईतला, ओळखीचा आवाज.

‘अम्मी, तू कुवेत काऊन सांगून राह्यली साऱ्या दुनियेले? तो बल्लारशाचा टपरीवाला हासून राह्यला मले. मी कुवेतात नाई. मी ओमानात आहो, मस्कतले.’

मास्टर स्टुलावर हात ठेवून तसेच उभे. चाची आतून आली. पिठाचे हात. वर खिशाकडे बघत उभी राहिली, जणू तो खिसाच तिचा मुलगा होता.

‘मस्कत,’ ती म्हणाली. नव्या भाजीची चव घेऊन पाहावी तसं म्हणाली.

‘हो. मस्कत.’

‘म्हणजे पोहोचला तू.’

पलीकडचा आवाज उतरला, अगदी लहानपणचा झाला. ‘हो अम्मी. पोहोचलो.’

‘बरं झालं,’ चाची म्हणाली. ‘जेवला का?’

मी डाळीत खाली मान घातली. खडे शोधत होते म्हण. मास्टर खोकले. फोनकडे न पाहता, रस्त्याकडे पाहत, चौकटीलाच सांगितल्यासारखे म्हणाले, ‘त्याले म्हणा, गळ्याचं माप बदललं असल तर सांगून ठेवजो.’

‘अब्बाले म्हण,’ खिशातून आवाज आला, ‘तेच माप आहे.’

एवढ्यात रेंज गेली. पण मास्टर आत गेले आणि नकाशावरचं कापड बाजूला सारून, चष्मा लावून, मस्कत शोधू लागले. मी जाऊन दाखवलं. समुद्राच्या अगदी काठाला, इस्त्रीच्या त्या भोकापासून फार लांब नाही. त्यांनी खडूनं तिथं एक बारीक खूण केली, बटणाच्या जागेवर करतात तशी.

पंतप्रधान शेवटी गेले ते भलत्याच देशात, आमच्या चौघांपैकी कोणाचंही बोट नव्हतं तिथं. कंडक्टरभाऊसुद्धा हरले, आणि रांजण कोणी भरायचा यावर ओट्यावर चांगली जुंपली. भाऊ म्हणत, गाडीचा मार्ग ऐन वेळी बदलला तर कंडक्टरचा दोष नसतो. तोवर चाचीनं घागर उचललीसुद्धा होती. त्या दिवशी ती हापशीवरून येताना गुणगुणत आली. टीव्हीवरचे मंडपातले चेहरे तिनं पाहिलेसुद्धा नाहीत. पोरगा नंतर सुटीवर आला, बापाचा नवा सदरा घालून परत गेला, आणि स्टँडवर त्याला निरोप देताना चाचीनं पुन्हा तेच विचारलं, ‘दूर आहे का रे?’ तोही हसला, म्हणाला, ‘तेवढंच दूर आहे अम्मी.’

आमची बदली व्हायच्या आधी मी एकदा तिला गाठून विचारलं. म्हटलं, चाची, खरं सांग, तुला कुवेत खरंच वाटत होतं, की मुद्दाम चुकीचं सांगितलंस? माणूस प्रश्नाला उत्तर देत नाही, पण चुकीचं बोललेलं सुधारल्याशिवाय त्याला राहवत नाही, हे तुला माहीत होतं ना? ती काज करत होती. दातांनी दोरा तोडला आणि म्हणाली, ‘बाई, आपण काय त्याले टोकलं? आपण तर अंदाज केला.’ मला पुढं विचारवेना. त्या उत्तरात हो होतं की नाही होतं, हे मी अजून उलटसुलट करून बघते. कधी वाटतं, तिचं मन भोळं होतं आणि कुवेत हा खराच अंदाज होता. कधी वाटतं, त्या बाईनं रीत न मोडता रीतीच्या कडेनं एक पायवाट काढली आणि सबंध एस.टी.ला तिच्यावरून चालवलं.

आता चाची तिकडे आहे, मी इकडे. मास्टर गेले. दुकानाच्या जागी मोबाईलचं दुकान झालं म्हणतात, आणि रेंज आता म्हणे सगळीकडे येते. नातू मला फोनवर दाखवतो, आजी हे बघ, बाबांची गाडी आता चामोर्शीच्या रस्त्याला आहे, हा निळा ठिपका. पंतप्रधानांचा दौराही आधीच कळतो, तास-वेळेसकट. चांगलंच आहे, मी नावं ठेवत नाही. काळजी कमी होते. पण ठिपका बघून मला समजतं फक्त माणूस कुठं आहे ते. तो पोहोचला की नाही, ते त्यानं स्वतःच सांगावं लागतं, तेव्हाच ते खरं होतं. अंदाज करताना आपण त्या माणसाचा विचार तरी करत होतो. त्याच्या अंगावर काय असेल, त्याला थंडी वाजत असेल का, त्याच्या मनात कोणाकडे जायचं असेल. कुठल्या कोपऱ्यातल्या एटापल्लीत बसून आम्ही त्या एवढ्या मोठ्या माणसाची घरच्यासारखी काळजी केली, त्याला कधी कळलंही नाही. तरी ती वाया गेली असं मला वाटत नाही. कोणाचीतरी काळजी कोणालातरी पोहोचलीच.

इस्त्रीवाल्याचे निखारे विझत आले, बघ. वासही कमी झाला. तेव्हा आता तुझ्याकडे वळते. तू कुठं असतेस, काय करतेस, कधी निघणार, हे मी विचारणार नाही. रीत आहे ती. पण इथं गल्लीत सगळ्यांना सांगून ठेवलं आहे मी, की ती पोरगी आता आपल्या मुलखात राहिली नाही, पार जपानात जाऊन बसली आहे, तिकडेच घर केलं, भात काड्यांनी खाते, आणि आपली भाषासुद्धा विसरली. सगळ्यांना पटलं आहे. समोरचा इस्त्रीवालासुद्धा काल हळहळला.

चुकीचं असेल तर लवकर येऊन सांग.